इंग्लिश, जोरात

माझं इंग्रजी सुधारावं म्हणून आप्पांनी जेवढे उपाय केले, त्यांतला एकच लागू पडला, आणि तोही इंग्रजी सोडून बाकी सगळ्याला. आप्पा म्हणजे माझे वडील. नांदेडच्या एका शाळेत मराठी शिकवायचे. दहावीला मला बरे मार्क पडले तेव्हा घरात परस्पर ठरून गेलं की दिलीप लातूरला जाणार, अकरावी-बारावी तिथेच करणार आणि डॉक्टर होऊन परत येणार. त्या काळी आमच्या भागात पोरगं जरा बऱ्यापैकी निघालं की त्याला लातूरला धाडायची चालच पडली होती. नायगावपासून देवणीपर्यंतची पोरं पत्र्याच्या पेट्या आणि गाद्यांच्या वळकट्या घेऊन एसटीच्या टपावर सामान चढवताना दिसायची. अडचण एवढीच होती की तिथे सगळं सायन्स इंग्रजीतून शिकवतात, असं आप्पांना कुणीतरी सांगितलं. माझं इंग्रजी गायीवरच्या निबंधापलीकडे गेलेलं नव्हतं आणि त्या निबंधातली गायही देवणी जातीची होती.

भाषा कानावर पडली की आपोआप येते, असं आप्पांचं मत होतं. वजिराबादेत सलीमभाईंचं कॅसेटी भरून देण्याचं दुकान होतं, तिथे त्यांनी मला पिटाळलं. मी म्हणालो, "सलीमभाई, इंग्रजी शिकायची कॅसेट पायजे." सलीमभाईंनी मागच्या फळीवर बराच वेळ हात फिरवला आणि म्हणाले, "सीखने की तो नै है. सुनने की है." मी विचारलं, त्यात इंग्रजी चांगलं आहे का. ते म्हणाले, "अरे, इससे ज्यादा अंग्रेजी तेरेकू नांदेडमें कोईच नै देता." दोन दिवसांनी त्यांनी कोऱ्या कॅसेटवर ती भरून दिली. कव्हरवर ना चित्र, ना गाणाऱ्याचं नाव. निळ्या शाईत, मराठी अक्षरांत फक्त लिहिलं होतं, 'इंग्लिश, जोरात'. जोरात म्हणजे काय, असं विचारल्यावर म्हणाले, "मतलब आवाज खोल के सुनना."

संध्याकाळी आप्पा डिक्शनरी, वही आणि टोक केलेली पेन्सिल घेऊन टू-इन-वनसमोर मांडी घालून बसले. आत आई पिठलं घोटत होती. कॅसेट सुरू झाली तेव्हा आधी बराच वेळ नुसतीच एक खालची घरघर ऐकू आली. आप्पांनी मान डोलावली, प्रस्तावना असेल म्हणाले. मग एकाएकी जे काय कोसळलं त्याने आई हातातली पळी घेऊन बाहेर आली आणि म्हणाली, "अगं बाई, कोण कुणाला मारून राहिलंय?" आप्पा म्हणाले, "गप बस गं, ऐकू दे. उच्चार जरा जोरकस हायेत." त्यांनी पहिली बाजू पूर्ण ऐकली, हे मी आजही त्यांच्या बाजूने सांगतो. वहीत तीन शब्द लिहिले होते, त्यांतला 'नो' हा त्यांना पक्का ऐकू आला होता आणि उरलेले दोन अंदाजे. शेवटी त्यांनी पेन्सिल कानावर ठेवली, म्हणाले, "खानदानी इंग्रजी दिसतंय. लातूरला घेऊन जा," आणि त्या कॅसेटला पुन्हा हात लावला नाही.

लातूरला मी मावशीकडे राहिलो. मावशी म्हणजे आईची थोरली बहीण. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे माझ्यावर सगळी माया आणि सगळी देखरेख एकाच वेळी चालायची. काका, म्हणजे मावशीचे यजमान, सरकारी बांधकाम खात्यात ओव्हरसिअर होते. भिंती मोजणं हा त्यांचा धंदा आणि भिंतींवर बोलणं हा छंद. घर त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलं होतं. पुढे अंगण आणि लिंबाचं झाड, मग पुढची खोली, मध्ये स्वयंपाकघर, मागे माझी खोली आणि तिला गल्लीत उघडणारं वेगळं दार. वर स्लॅब. आलेल्या-गेलेल्याला ते कॉलमवर थाप मारून दाखवायचे आणि म्हणायचे, "हत्ती बांधा ह्याला, हत्ती." रंगाने काळे, पोट सुटलेले, हसले की बनियनसकट हलायचे.

माझा दिवस पहाटे पाचच्या क्लासने सुरू व्हायचा. पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही तीनेकशे पोरं आणि पुढे माइक धरलेले फिजिक्सचे सर. मागच्या रांगेतून फळा दिसायचा नाही, सर दिसायचे ते अंगठ्याएवढे. नांदेडला मी हुशार होतो. इथे सगळेच आपापल्या गावचे हुशार होते, आणि पहिल्या टेस्टला माझा नंबर कितवा आला हे मी आप्पांना कळवलं नाही, तुम्हालाही कळवत नाही. आपण कुणीच नाही हे सोळाव्या वर्षी कळलं की माणूस काहीतरी धरायला शोधतो. मला पेटीच्या तळाशी ती कॅसेट सापडली. खरं सांगायचं तर ती मला आवडली नव्हती. पण तीनशे पोरांत इंग्रजी गाणी ऐकणारा मी एकटाच आहे, हे मला फार आवडलं. मग मावशीच्या घरच्या टेपरेकॉर्डरवर मी ती इतक्या वेळा ऐकली की आवडण्यावाचून तिला दुसरा मार्गच उरला नाही. मी काळा शर्ट शिवून घेतला. केस मानेवर येऊ दिले. आणि ढोलाच्या प्रत्येक दणक्याला मान खाली-वर झटकायची, अशी एक पद्धत मी स्वतःच शोधून काढली. जगात लाखो लोक हेच करतात हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे त्या शोधाचा मला फार अभिमान होता.

एका शुक्रवारी मावशीने खिडकीतून ते पाहिलं. मी डोळे मिटून, केस मोकळे सोडून, घुमत होतो. डोळे उघडले तेव्हा मावशी समोर उभी, हातात हळदीकुंकवाचा करंडा आणि लिंबू. तिने माझ्या कपाळाला कुंकू लावलं, हात जोडले आणि थरथरत्या आवाजात विचारलं, "आई, काय चुकलं माझं? काय पायजे तुला?" त्या क्षणी खरं सांगायला जी छाती लागते ती माझ्याकडे नव्हती. मी तसाच जरा घुमलो आणि जड आवाजात म्हणालो, "पुरणपोळी." दुपारी पुरणपोळी झाली. काका ताटावर बसले, माझ्याकडे पाहिलं, कॅसेटकडे पाहिलं आणि मावशीला म्हणाले, "अगं, देवीला कटाची आमटी बी लागती का, इचारून घे की. परत कशाला यायला लावायचं तिला?" आणि ते इतके हसले की ठसका लागला. तसं हसणं मी त्यांचं नंतर कितीतरी महिने ऐकलं नाही.

कारण त्याच वर्षी, गणपती बुडवून माणसं झोपली होती त्या पहाटे, भूकंप झाला. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय, मी लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही. आम्ही अंगणात पळालो, उभे राहिलो, उजाडलं तेव्हा आमचं घर जसंच्या तसं होतं आणि काका कॉलमवर थाप मारून "बघा" म्हणालेसुद्धा. मग दक्षिणेकडच्या गावांच्या बातम्या येऊ लागल्या. खात्याने काकांना तिकडे पंचनाम्याला पाठवलं. दोन महिने ते तिकडेच होते. परत आले ते पायरीपर्यंत आले, चपला काढल्या, चौकटीकडे पाहिलं आणि पुन्हा चपला घातल्या. लिंबाखाली बाज टाकून तिथेच बसले. अंघोळ अंगणात, जेवण अंगणात, झोपणं अंगणात. थंडी पडली तेव्हा घोंगडीवर घोंगडी घेतली, पण आत आले नाहीत. कुणी कारण विचारलं तर "हवा बरी हाय हितं" एवढंच म्हणायचे. ओव्हरसिअर माणूस घरात जायला भितो म्हटल्यावर गल्लीतल्या लोकांनाही आपापल्या भिंतींचा भरवसा वाटेना.

तसे सगळेच घाबरलेले होते. लहान-मोठे धक्के अधूनमधून बसतच होते. लोकांनी धक्का ओळखायची एक युक्ती काढली होती, ती तेव्हा घरोघरी दिसायची. जमिनीवर पेला पालथा ठेवायचा, त्यावर लोटी पालथी, लोटीवर वाटी, वाटीवर चमचे. जमीन जरा हलली की ही उतरंड खणखणत पडायची आणि माणसं बाहेर धावायची. मांजराने, उंदराने, कुणाच्या पदराने पडली तरी धावायची. मावशीने अशा तीन उतरंडी रचल्या होत्या आणि सकाळी सडा घालावा तशी ती रोज त्या नीट करायची.

मग येळवस आली. आमच्या भागात त्या अमावस्येला कुणी घरात जेवत नाही. सगळं गाव शेतात जातं, कडब्याच्या कोपीत, म्हणजे खोपटात, पूजा करतं आणि तिथेच पंगत बसते. काकांचं शेत देवणीला होतं. आम्ही भज्जी, बाजरीचे उंडे आणि मडकंभर आंबील घेऊन गेलो. त्या दिवशी सारा मुलूख काकांसारखा वागत होता, त्यामुळे काका खुलले. दोन वाट्या आंबील प्यायले आणि कोपीकडे बघत म्हणाले, "हितंच ऱ्हाऊ आपण. कोपी मोठी घालून घेतो. संक्रांत झाली की लातूरचं घर बंद करायचं." मावशीच्या हातातला उंडा तसाच राहिला. गमतीने बोलत नाहीत हे तिला कळलं. घरी आल्यावर पायरीवर उभं राहून म्हणाली, "एक डाव, एकच डाव आत बसून जेवा माझ्या हातचं. मंग म्हणाल तिथं येते. कोपीत येते, झाडावर येते." काका म्हणाले, "उद्या दुपारी."

हे सगळं मला माहीत होतं. म्हणूनच पुढचं सांगायला लाज वाटते. दुसऱ्या दिवशी माझी टेस्ट होती, म्हणजे मी घरी नसणार होतो. टेस्ट रद्द झाली. क्लासमध्ये माझा एकच मित्र होता, जळकोटचा बालाजी. त्याच्या भावाचा मंडपाचा आणि लाउडस्पीकरचा धंदा होता, आणि लग्नसराई नाही म्हणून बालाजीने त्यातला एक खोक्याएवढा स्पीकर आणि त्याची मशीन माझ्यासाठी आणली होती. "तुझं ते इंग्लिश ह्याच्यावर लावून बघ," तो म्हणाला, "छाती हालती का न्हाई ते सांग." आम्ही मागच्या दाराने खोलीत शिरलो. काकांचं जेवण मी साफ विसरलो होतो. माझ्या डोक्यात फक्त छाती कशी हालते हा प्रश्न होता. सलीमभाईंनी लिहून दिलं होतं त्याप्रमाणे आवाज पूर्ण खोलला आणि बटण दाबलं.

ती खालची घरघर आधी आली. माझ्या पायांखालची फरशी खरोखर गुणगुणू लागली. बालाजी आनंदाने ओरडला, "लई भारी!" आणि त्याच वेळी पलीकडे खण्-खणाखण् अशी एक उतरंड पडली, मग दुसरी, आणि मावशीची किंकाळी ऐकू आली. "अवं, पळा! धक्का!" मी बटण बंद केलं. आम्ही पुढे धावलो. काका ताट ओलांडून बाहेर गेले होते, धोतरावर आमटी, गुडघा फुटलेला. दुसऱ्या घासाला उठले, असं मावशीने नंतर सांगितलं. गल्लीतली सगळी घरं बाहेर आली होती. आणि त्या सगळ्यांत "धक्का, धक्का" असं सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडत असेल, तर मी.

पुढचे चार दिवस गल्लीत दुसरा विषय नव्हता. समोरच्या बाईंनी विजेचा खांब झुलताना पाहिला होता. कोपऱ्यावरच्या शिंप्याला आधी गरगरलं होतं. एकाचं कुत्रं सकाळपासूनच कसंतरी करत होतं. दुसऱ्या दिवशी पेपरात धक्क्याची ओळसुद्धा आली नाही, तेव्हा लोक म्हणाले की सरकार दडपतंय. मी प्रत्येकाचं म्हणणं मान हलवून ऐकत होतो आणि मधूनमधून भरही घालत होतो. बालाजी म्हणाला, "सांगू नगंस बाबा. तुला नांदेडला धाडतील आन् मला भाऊ हाणंल." एवढा शहाणा सल्ला मिळाल्यावर मी तो का नाकारू?

पण काकांनी आपली पेटीही बाहेर नेली. चुलतभावाला निरोप धाडला की कोपीला लाकडं आण. आणि एका दुपारी मी क्लासहून आलो तर मावशी स्वयंपाकघरात एकटीच फडताळातले डबे खाली काढून त्यांना कागद गुंडाळत होती. लोणच्याची बरणी, पापडांचा डबा, शेवयांचा डबा. मला म्हणाली, "तुझी कुठं सोय लावायची ते तुझ्या आईला इचारते. चांगली खोली बगू. तुझं शिकणं मोडायचं न्हाई." हे म्हणताना तिने बरणीचं झाकण उगाचच दोनदा घट्ट केलं. तीस वर्षांचं घर माझ्यामुळे मोडतंय आणि ती माझ्या शिकण्याची काळजी करतेय. मला रडू आलं. मी तसाच अंगणात गेलो.

काका बाजेवर बसले होते. मी म्हणालो, "काका, तो धक्का नव्हता." आणि सगळं सांगून टाकलं, स्पीकर, मशीन, बालाजी, माझं ओरडणं. सांगताना मी नाक पुसत होतो, त्यामुळे दोनदा सांगावं लागलं. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मारतील असं वाटलं आणि मारलं असतं तर बरं वाटलं असतं. ते म्हणाले, "आण ते हितं."

मी खिडकीतून वायर ओढली आणि स्पीकर लिंबाखाली आणला. कॅसेट लावली. मावशी दारात येऊन उभी राहिली. काकांनी स्पीकरवर पंजा ठेवला, वैदू नाडी बघतो तसा, आणि घरघर सुरू झाली तेव्हा हात काढला नाही. मग दणका झाला, तो माणूस किंचाळायला लागला. दोन गाणी त्यांनी हाताखालीच ऐकली. मग म्हणाले, "कामून बोंबलतंय रे ते?"

"गाणं हाय काका. तसंच असतंय."

"तिथं कुणी बोंबलत नव्हतं," काका म्हणाले. ते स्पीकरकडे बघूनच बोलत होते. "मी टेप धरून घरं मोजायचो. घरं कुठली, मातीचे ढीग. त्याच्यावर माणसं बसलेली असायची. इचारलं की नाव सांगायची, किती खण हुते ते सांगायची, आन् गप. बाया रडत नव्हत्या. पोरं रडत नव्हती. दोन महिने तसल्या गपगारात मोजलंय मी. हितं आत आलो की तसंच गप हुतंय बग. मंग कान लावून बसावं लागतंय मला, कुठं काय हाललं म्हणून. घास उतरत न्हाई." मावशी दाराची चौकट धरून उभी होती. ते परत आल्यापासून ती हे पहिल्यांदाच ऐकत होती. बाजू संपली, कॅसेट खट्कन थांबली. काका म्हणाले, "उद्या जेवताना लाव."

अशा रीतीने ती जगप्रसिद्ध कॅसेट आमच्या घरी दुपारच्या जेवणाची कॅसेट झाली. ती जगप्रसिद्ध आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. डॉक्टर व्हायला निघालेला मी पुढे औषध कंपनीचा प्रतिनिधी झालो, डॉक्टरांच्या दारात बॅग घेऊन बसायला शिकलो, आणि अकरा वर्षांनी पुण्याच्या एका दुकानात ती घरघर कानावर पडली तेव्हा कुठे मला गाणाऱ्यांचं नाव कळलं. दुकानातला पोऱ्या म्हणाला, सर, ही क्लासिक आहे. त्याच्या वयाची माणसं आजही तिच्यावर पानंच्या पानं लिहितात. ती का टिकली, तिच्यात कुठला अंधार आहे, कुठला बंडखोरपणा आहे. मी ते सगळं वाचतो आणि मला खमंग फोडणीचा वास येतो. बंडखोरपणाबद्दल बोलायचं तर माझ्या आयुष्यातला तो काळा शर्टही मावशीने शेवटी पिठाच्या डब्याचं फडकं करून संपवला.

पहिल्या दिवशी काका चौकटीशी थबकले. मी बटण दाबलं. ते आत आले, भिंतीला पाठ लावून बसले आणि जेवले. उतरंडी पडल्या. काका नुसते मान वर करून म्हणाले, "त्याचंच हाय," आणि पुढचा घास घेतला. तेवढंच त्यांना हवं होतं. कॅसेट चालू असली की हालतंय ते तिच्यामुळे हालतंय, मग कान लावायला नको. दुसऱ्या दिवसापासून मावशीने उतरंडी रचणं सोडलं, जेवताना कोण उठून भांडी गोळा करणार? हळूहळू तिला कॅसेट पाठ झाली. तिसरं गाणं लागलं की भात. मधे जिथे तो तार पिळवटून पिळवटून वाजवतो तिथे ताक. "आता त्या बिचाऱ्याचा गळा बसंल बग," असं ती दर दुपारी त्याच जागी म्हणायची. गल्लीला खरं काय ते कळलं होतं आणि गल्लीने मला माफ केलेलं नव्हतं. खांब झुलताना पाहिलेल्या बाई माझ्याशी बोलत नव्हत्या. चुलतभाऊ लाकडं घेऊन आला, दारातून आत वाकून पाहिलं, हा काय प्रकार म्हणून जरा उभा राहिला आणि लाकडं अंगणात टाकून परत गेला. काका मात्र जेवले की लगेच बाहेर. शेवटचं गाणं संपायच्या आत हात धुऊन लिंबाखाली. शांततेत एक क्षण थांबायचे नाहीत, आणि संक्रांत होऊन गेली तरी घर बंद करायचं की नाही यावर ते काहीच बोलत नव्हते. कागदात गुंडाळलेले डबे मावशीने तसेच ठेवले होते.

एका दुपारी काका जेवत होते, मी मशीनशेजारी माझ्या जागेवर ताट घेऊन बसलो होतो, मावशीची भाकरी तव्यावर होती. चौथं गाणं अगदी भरात होतं. आणि लाईट गेली. तो माणूस किंचाळता किंचाळता खोल विहिरीत गेल्यासारखा खाली-खाली गेला आणि थांबला. पंखा थांबला. घरात इतकं शांत झालं की तव्यावरच्या भाकरीचा पापुद्रा फुगताना ऐकू आला.

काकांचा हात तोंडाशी थांबला. त्यांनी स्लॅबकडे पाहिलं. मग भिंतीकडे. मला काहीतरी बोलावंसं वाटलं, खोकावं, ताट वाजवावं, काहीही. मावशीने डोळ्यांनीच मला दटावलं. तिच्या हातातलं उलथनं तसंच हवेत होतं. काका कान लावून बसले होते, हे स्पष्ट दिसत होतं, कपाळावर घाम आला होता. बाहेर कुणीतरी बादली ठेवली. एक चिमणी आत येऊन परत गेली. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. या एवढ्या गंभीर क्षणी माझ्या मनात काय चाललं होतं म्हणाल, तर आता पाचवं गाणं राहणार याची हळहळ. मी कसला माणूस होतो याचा आणखी पुरावा देत बसत नाही.

"लाईट गेली व्हय?" काका म्हणाले.

"गेली," मावशी म्हणाली.

"मंग वाढ की. करपून राहिली ती भाकर."

मावशीने भाकरी वाढली. ती ताटाच्या कडेवर पडली. काकांनी ती सरळ करून घेतली, आमटीत कुस्करली, सावकाश खाल्ली. आणखी अर्धी मागितली. मग ताक. जेवण झालं, त्यांनी ताटातच हात धुतला, ताट पुढे सरकवलं आणि मागे भिंतीला टेकले. आता उठतील, मग उठतील, म्हणून आम्ही बघत राहिलो. त्यांची मान एका बाजूला कलली, तोंड उघडं पडलं आणि ते घोरायला लागले.

मी उठायला लागलो, माझा क्लास होता. मावशीने माझं मनगट धरून मला खाली बसवलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती, बांगड्या वाजतील म्हणून. लाईट चार वाजेपर्यंत आली नाही. भांड्याला भांडं लागू नये म्हणून आम्ही दोघं उष्ट्या ताटांसमोर तसेच खरकटे हात वाळवत बसून राहिलो.